गुण कापले, पण कोणाचे?

मे २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगच्या नियामक आयोगाने एफसी गोवा संघाला शिक्षा सुनावली. ११ कोटी रुपये दंड, दोन सहमालकांवर काही हंगामांची बंदी, आणि पुढच्या हंगामाच्या गुणतक्त्यात १५ गुण वजा. दंडाच्या आकड्याने वर्तमानपत्रांचे मथळे भरले. पण फुटबॉल समजणाऱ्यांच्या पोटात गोळा आला तो त्या १५ गुणांनी. पहिल्या सामन्याची शिट्टी वाजायच्या आधीच संघाच्या नावापुढे ‘उणे १५’ लागणार होते.

असे काय घडले होते? २० डिसेंबर २०१५, मडगावजवळचे फातोर्डा स्टेडियम, लीगचा अंतिम सामना. झिको प्रशिक्षक असलेला गोवा घरच्या मैदानावर, समोर मार्को मातेराझ्झीचा चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ असे पुढे नेले आणि फातोर्ड्यात करंडक आल्यातच जमा झाला. मग ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल मारला. चेन्नईयिन ३, गोवा २. सामना संपल्यावर जो गोंधळ उडाला त्यात चेन्नईयिनचा ब्राझिलियन कर्णधार इलानो याने धक्काबुक्की केल्याची तक्रार गोव्याचे सहमालक दत्तराज साळगावकर यांनी पोलिसांत दिली. विजेत्या संघाच्या कर्णधाराला त्याच रात्री अटक झाली, मग जामीन मिळाला. गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभाकडे पाठ फिरवली. लीगचे म्हणणे असे की या सगळ्याने स्पर्धेची अब्रू गेली.

एवढ्यासाठी १५ गुण? आकडा जरा उलगडून पाहू. त्या लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत १४ सामने येत. विजयाला ३ गुण, म्हणजे सगळे सामने जिंकले तरी ४२. त्यातले १५ काढून घेणे म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कमाई सुरुवातीलाच गहाण ठेवणे. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात. २०१६ चा तक्ता काढून बघा, पहिल्या क्रमांकाच्या मुंबई सिटीचे २३ गुण आणि चौथ्या क्रमांकाच्या अॅटलेटिको डी कोलकाताचे २०. उणे १५ वरून निघालेल्या गोव्याला २० वर पोहोचायला ४२ पैकी ३५ गुण मिळवावे लागले असते. संपूर्ण लीगमध्ये कोणीही २३ च्या वर गेले नाही! थोडक्यात, ही गुणकपात नव्हतीच. नावाला गुणकपात, प्रत्यक्षात स्पर्धेतून हकालपट्टी होती, फक्त १४ सामने खेळायची सक्ती तेवढी बाकी ठेवलेली.

पुढे अपिलात हे १५ गुण माफ झाले, दंडही कमी झाला. आणि गंमत अशी की शिक्षा नसतानाही त्या हंगामात गोवा आठव्या, म्हणजे शेवटच्याच क्रमांकावर राहिला: चार विजय, दोन बरोबरी, आठ पराभव, १४ गुण. मूळ शिक्षा कायम राहिली असती तर हंगामाअखेर गोव्याच्या नावापुढे उणे एक दिसला असता.

ही शिक्षा चालते ती फक्त साखळी पद्धतीच्या स्पर्धेत. आमच्या बालाघाटकडे किंवा सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात होणाऱ्या टुर्नामेंट बहुतेक बाद पद्धतीच्या. तिथे कापायला गुणच नसतात. बाहेरचा खेळाडू खेळवला म्हणून समोरच्या संघाने प्रोटेस्ट केला आणि तो खरा ठरला, किंवा पंचाशी भांडून एखाद्या संघाने मैदान सोडले, की समोरच्याला वॉकओव्हर. निकाल तिथल्या तिथे, त्याच संध्याकाळी. साखळीत मात्र महिनोन्महिने गुण साठत जातात. गुण ही संघाची ठेव असते, आणि ठेव म्हटली की जप्ती आली.

फिफाच्या शिस्तसंहितेत संघांसाठीच्या शिक्षांची यादी लांबलचक आहे. दंड, प्रेक्षकांविना सामना, नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी, सामना बहाल करणे, गुणकपात, खालच्या श्रेणीत ढकलणे. यातल्या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात. सामना बहाल करणे म्हणजे दोषी संघ ०-३ ने हरला असे धरणे. इथे ३ गुण आणि गोलफरक समोरच्या संघाच्या पदरात पडतो. गुणकपातीत तसे नाही. कापलेले गुण कुणालाच मिळत नाहीत, ते हवेत विरतात. मात्र एकाचा आकडा खाली आला की त्याच्या लगेच मागे असलेले संघ बसल्या जागी एकेक पायरी वर सरकतात. ज्या संघाचे प्रत्यक्ष नुकसान झाले, त्याला यातून काही भरपाई मिळतेच असे नाही.

मग दंडावर का भागत नाही? कारण मालक श्रीमंत असतो. ग्रीसमध्ये याचा जो अनुभव आहे तो जगात क्वचितच कुठे असेल. तिथल्या मोठ्या क्लबांचे मालक म्हणजे जहाजकंपन्या, तेल, तंबाखू, दूरचित्रवाहिन्या असल्या व्यवसायांतली मंडळी. ११ मार्च २०१८ रोजी थेसालोनिकीत पाओक विरुद्ध एईके अथेन्स हा सामना सुरू होता. शेवटच्या मिनिटांत पाओकचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, तेव्हा पाओकचे मालक इव्हान साव्हिडिस स्वतः मैदानात उतरले. कमरेला पिस्तूल लावलेले, तसेच. सरकारने अख्खी लीग थांबवली. एक लाख युरोचा दंड अशा माणसाच्या खिजगणतीत तरी असेल का? तो झालाच, शिवाय साव्हिडिस यांच्यावर मैदानात येण्याची तीन वर्षांची बंदी आली, सामना एईकेला बहाल झाला आणि पाओकचे ३ गुण गेले. वर पुढच्या हंगामाची सुरुवात उणे २ वरून. विजेतेपद त्या वर्षी एईकेने नेले.

पण पुढच्याच वर्षी काय झाले पाहा. उणे २ वरून निघालेल्या पाओकने ३० पैकी २६ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही आणि ८० गुणांनी लीग जिंकली. ज्या संघाकडे पैसा आहे, ताकद आहे, त्याला दोन-तीन गुणांची टोचणी जाणवतही नाही. तीच कपात तळाशी धडपडणाऱ्या संघाच्या जिवावर उठते. एईकेचेच उदाहरण घ्या. एप्रिल २०१३ मध्ये पानथ्राकिकोसविरुद्धच्या सामन्यात चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले, सामना हातचा गेला, वर ३ गुण कापले गेले आणि इतिहासात पहिल्यांदा एईके वरच्या श्रेणीतून खाली गेला. ३ गुणांची किंमत एका संघाला शून्य आणि दुसऱ्याला सर्वस्व, ही या शिक्षेची मूळ अडचण आहे आणि ती कोणत्याही नियमाने सुटत नाही.

ग्रीक कथेचे आणखी एक वळण इथे सांगायलाच हवे. जानेवारी २०२० मध्ये पाओक आणि झांथी या दोन क्लबांच्या मालकीत लागेबांधे असल्याचा ठपका आला. कायद्यानुसार त्याची शिक्षा होती खालच्या श्रेणीत रवानगी. थेसालोनिकी शहर खवळले. सरकारने घाईघाईने संसदेत दुरुस्ती आणली आणि रवानगीच्या जागी गुणकपात आणून बसवली. मला वाटते, गुणकपातीचा खरा स्वभाव या एका प्रसंगात दिसतो. दंडाने भागत नाही, आणि हाकलून द्यायची हिंमत किंवा सोय नाही, अशा वेळी संघटना या मधल्या वाटेने जातात.

आपल्याकडे हीच वाट कोलकात्यात दिसली. ९ डिसेंबर २०१२, सॉल्ट लेक स्टेडियम, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालने गोल केला, बागानच्या ओडाफाला पंचांनी लाल कार्ड दाखवले, प्रेक्षकांतून दगड आले, बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरलाच नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आधी कठोर पाऊल उचलले: आय-लीगमधून दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर. पण शंभर वर्षांहून जुना, लाखो पाठीराख्यांचा क्लब नसलेली लीग चालवायची कशी? प्रक्षेपण कोण बघणार, तिकिटे कोण घेणार? जानेवारी २०१३ मध्ये महासंघाने बंदी मागे घेतली. त्याऐवजी २ कोटी रुपये दंड आणि तोवर मिळवलेले सगळेच्या सगळे गुण रद्द. अर्धा हंगाम होत आला असताना बागानने शून्यापासून सुरुवात केली आणि तरीही तळातून वर येऊन लीगमधली जागा राखली. त्या हंगामाचे विजेते होते गोव्याचे चर्चिल ब्रदर्स. हे नाव पुन्हा येणार आहे.

बागानने मैदान सोडले तेव्हा गुण गेले. मग ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूत केरला ब्लास्टर्सने मैदान सोडले तेव्हा का नाही गेले? बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, प्रशिक्षक इव्हान व्हुकोमानोविच यांनी खेळाडूंना बाहेर बोलावले, सामना बेंगळुरूला मिळाला. शिक्षा झाली ४ कोटी रुपये दंड, जाहीर माफी, आणि माफी नाही मागितली तर दंड ६ कोटी. प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी. ती इंडियन सुपर लीगची बाद फेरी होती, त्या तक्त्यात कापायला गुण उरले नव्हते. पुढच्या हंगामातले कापता आले असते. गोव्याच्या बाबतीत आधी तेच तर ठरले होते. यावेळी ते ठरले नाही. माझ्या मते हेच बरे झाले. ज्याने संघ बाहेर काढला त्याला घरी बसवले, एवढे पुरे.

वागणुकीच्या गुन्ह्याला गुणांची शिक्षा द्यायचीच असेल तर ती किती असावी, याचा एक जुना दाखला इंग्लंडमध्ये आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडचे जवळजवळ सगळे खेळाडू एकमेकांना भिडले. आर्सेनलचे २ गुण गेले, युनायटेडचा १. हे हाणामारी करणाऱ्या खेळाडूंचेच गुण होते, आणि ११४ पैकी २. आर्सेनल त्या वर्षी तरीही विजेते ठरले, पण हाणामारीचा डाग गुणतक्त्यात छापील राहिला. गोव्यात मालकांच्या वागण्यापायी ४२ पैकी १५ जाणार होते, आणि ते मिळवून आणण्याची जबाबदारी अशा खेळाडूंवर पडणार होती, ज्यांच्यातले कितीतरी त्या रात्री संघातही नव्हते.

गुणकपात खरी शोभते ती जिथे गुन्ह्यातूनच गुण मिळाले आहेत तिथे. ऐपतीबाहेर उसनवारी करून चांगले खेळाडू आणले, त्यांच्या जोरावर सामने जिंकले, आणि मग देणी थकवून हात वर केले, तर ते विजय उधारीचे होते. इंग्लंडमध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात जाणाऱ्या क्लबचे गुण कापतात ते या न्यायाने. पण तिथेही पळवाटा निघाल्या. मे २००७ मध्ये लीड्स युनायटेड खालच्या श्रेणीत जाणार हे जवळपास नक्की झाले, आणि नेमके तेव्हाच क्लबने प्रशासन पत्करले. दहा गुण कापले गेले, पण बुडणाऱ्याला आणखी पाणी काय करणार! त्यानंतर नियम बदलला: हंगामाच्या अखेरीस असे काही झाले आणि संघ तसाही खाली जात असेल, तर कपात पुढच्या वर्षी. लीड्सला वेगळ्या कारणाने पुढच्या हंगामात १५ गुणांचा फटका बसलाच. ९१ गुण मिळवूनही तक्त्यात ७६ लागले, थेट बढती हुकली, आणि प्लेऑफचा अंतिम सामनाही हरले.

ल्यूटन टाउनचे हाल त्याहून वाईट. २००८-०९ मध्ये त्यांना उणे ३० वर बसवले गेले. मैदानावर ५६ गुण कमावले, तक्त्यात २६ दिसले, आणि संघ फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकला गेला. ज्यांनी पैशाचे घोळ घातले ते तोवर क्लब सोडून गेले होते. हाच ल्यूटन २०२३ मध्ये चढत चढत प्रीमियर लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात पुन्हा खाली गेला. गुण किती? २६. यावेळी एकही कापलेला नव्हता. त्याच हंगामात खर्चाचे नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे ८ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले होते, आणि दोघेही ल्यूटनच्या वर राहून तरले. नियम मोडणारे वाचले, कमी खर्चात प्रामाणिकपणे खेळणारा बुडाला. शिक्षा योग्य होती, फक्त तिचे वजन कमी पडले, असे ल्यूटनचा कुठलाही पाठीराखा तुम्हाला सांगेल.

हे वजन ठरते कसे? एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी २. इटलीतल्या युव्हेंटसचे २००६ मध्ये ३० ठरले, मग १७, मग ९. याच युव्हेंटसचे जानेवारी २०२३ मध्ये १५ गेले, एप्रिलमध्ये परत मिळाले, मे महिन्यात पुन्हा १० गेले. तो निकाल तर सामन्याला काही वेळ उरला असताना आला आणि संघ त्या संध्याकाळी एम्पोलीकडून १-४ ने हरला. आठवडी बाजारात पहिला भाव कुणी खरा मानत नाही, तसे या पहिल्या आकड्याचे झाले आहे. क्लबांचे वकील तो ऐकूनच घासाघीस सुरू करतात.

क्रिकेटवाल्यांनी हसू नये. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या, भारताने कसोटी जिंकली, हे मराठी घरांत सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने षटके ठरल्या वेळेत टाकली नाहीत म्हणून त्यांचे जागतिक कसोटी स्पर्धेतले ४ गुण कापले गेले, हे फार कुणाच्या लक्षात राहिले नाही. ऑस्ट्रेलियाच्या लक्षात राहिले. अंतिम फेरीसाठी न्यूझीलंडचे ७० टक्के गुण झाले आणि ऑस्ट्रेलियाचे ६९.२. ते ४ असते तर बरोबर ७०. आयपीएलने मात्र तक्त्याला हात न लावता कर्णधाराला धरायचे ठरवले. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा षटकांची गती कमी पडली म्हणून हार्दिक पंड्याला २०२५ च्या पहिल्या सामन्यात बाहेर बसावे लागले आणि चेन्नईविरुद्ध मुंबईचे नेतृत्व सूर्यकुमार यादवने केले. शिक्षा ज्याची त्याला.

आता चर्चिल ब्रदर्स. एप्रिल २०२५ मध्ये आय-लीगचे सामने संपले तेव्हा तक्त्यात हा गोव्याचा क्लब ४० गुणांवर आणि इंटर काशी ३९ वर होता. विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती, म्हणजे एका गुणावर क्लबचे भवितव्य. पण हा तक्ता पक्का नव्हता. १३ जानेवारीला नामधारी एफसीने इंटर काशीला २-० ने हरवले होते, आणि त्या सामन्यात नामधारीने कार्डांमुळे निलंबित असलेला परदेशी खेळाडू खेळवला होता. शिस्तपालन समितीने सामना ३-० असा इंटर काशीला दिला. अपील समितीने आधी त्याला स्थगिती दिली आणि लीग संपल्यावर एप्रिलमध्ये तो निर्णय फिरवला. चर्चिल विजेते जाहीर झाले. प्रकरण स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात गेले. लवादाचा स्थगितीचा आदेश येत असतानाच इकडे गोव्यात करंडक चर्चिलच्या हाती दिला गेला होता. जूनमध्ये लवादाने नामधारीच्या सामन्याचे ३ गुण इंटर काशीला दिले. इंटर काशीने मारियो बार्को या स्पॅनिश खेळाडूची पुन्हा केलेली नोंदणी नियमबाह्य आहे, अशी दुसरी तक्रार चर्चिलसह काही क्लबांनी केली होती. त्यातही १८ जुलैला लवादाने इंटर काशीच्या बाजूने कौल दिला. अंतिम तक्ता झाला: इंटर काशी ४२, चर्चिल ४०.

निकाल म्हणून यात खोट काढता येत नाही. निलंबित खेळाडू खेळवला की सामना जातो, हे शाळकरी संघालाही माहीत असते. दोष आहे तो वेळेचा. जानेवारीत एका संध्याकाळी मिटणारी गोष्ट जुलैपर्यंत लोंबकळली, आणि त्या सहा महिन्यांत करंडक एकाने उचलला, लीग दुसऱ्याने जिंकली. बढती इंटर काशीला मिळाली. चर्चिलच्या ४० गुणांपैकी एकही कोणी कापला नव्हता.